बंदची तीन कारणं

महिला कबड्डीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या भागात भरवावी, ही कल्पना माझी होती. हे मी मोकळेपणाने सांगू शकते, कारण ती फसली. जमली असती तर ती सुचलेले आणखी पाच-सहा जण निघाले असते.

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेला एका शाळेत खेळ शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर मुलींचा कबड्डीचा संघ चालवत होते. संघात तीन गावांच्या मुली होत्या. अंबरनाथच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या आणि कारकुनांच्या काही, उल्हासनगरच्या कॅम्पांतून येणाऱ्या चार-पाच, आणि बदलापूरच्या बाजूच्या शेतकरी घरांतल्या उरलेल्या. खऱ्या खेळायच्या त्या शेतकऱ्यांच्याच. बाकीच्या पडल्या की आधी गुडघा बघायच्या. या पडल्या की मध्यरेषेला हात पोचला का ते बघायच्या.

आमची अडचण खेळाची नव्हती, प्रवासाची होती. जिल्ह्यात आम्ही सहज जिंकायचो. मग राज्याच्या स्पर्धेसाठी सांगली किंवा नाशिक म्हटलं की संघ विरघळायला लागायचा. एकीला ताप यायचा, एकीच्या चुलतभावाचा साखरपुडा निघायचा, एकीची आई सरळ शाळेत येऊन सांगायची, "बाई, खेळू दे की तिला, पण इथं खेळू दे. परगावी रात्र काढायची नाही." दोनदा तर मी सात मुलीही जमवू शकले नाही आणि नाव मागे घेतलं.

अशात असोसिएशनकडून कळलं की शेजारच्या देशांचे संघ बोलावून एक निमंत्रितांची स्पर्धा घ्यायची आहे आणि कोणत्याही जिल्ह्याने जागा सुचवायला हरकत नाही. यजमान जिल्ह्याचा एक संघ त्यात थेट खेळणार होता. माझ्या डोक्यात लगेच बसलं. मुली स्पर्धेकडे जाऊ शकत नसतील, तर स्पर्धा मुलींकडे आणायची.

ही स्पर्धा सगळ्यांत जास्त कोणाला हवी होती, तर आमच्या चढाईपटूला. ती बदलापूरजवळच्या बेलवलीची, बारावी झालेली, उंच, कमी बोलणारी. दम धरून समोरच्या अंगणात शिरली की तिला परत यायची घाई नसायची. घरी भाताची शेती, चार म्हशी, आणि लग्नाची बोलणी. वांगणीकडचं स्थळ होतं, मुलगा बरा होता, माघात बार उडवायचा असं जवळजवळ ठरलं होतं. तिला त्याआधी नोकरी हवी होती. खेळाडूंसाठी राखीव जागा निघत होत्या, पण त्यांना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागत होतं. राज्याच्या कागदांना कोणी विचारत नव्हतं, आणि राज्यालाही ती एकदाच जाऊ शकली होती.

मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. ते म्हशी धूत होते.

"दादा, स्पर्धा इथेच झाली तर खेळू द्याल ना?"

"हितं झाली तं मी सोता बघाला येन," ते म्हणाले. "गावासमोर खेलाची तं काय लाज हाये? पन लांब नाय पाठवाचा, बाई. लगनाची पोर हाये."

"आणि खेळून नोकरी लागली तर?"

त्यांनी म्हशीच्या पाठीवर बादली उपडी केली. "नोकरी लागली तं लगीन थांबल. नाय लागली तं माघ हायेच."

इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मला आवडतात. कुठे उभे आहोत ते कळतं.

मग आम्ही कामाला लागलो. एका गावात सगळं मिळणार नव्हतं, म्हणून तिन्ही गावांकडून मागितलं. पाहुण्या संघांच्या राहण्यासाठी माझे यजमान ज्या कारखान्यात अधिकारी होते तिथलं अंबरनाथचं गेस्ट हाऊस. मैदान बेलवलीला, भात कापून मोकळं झालेलं मुलीच्या वडिलांचंच शेत. आणि गणवेश व मंडपाचा खर्च उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठकडे, ज्यांची मुलगी आमच्या संघात पकडीला होती. शेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दुकानाच्या वर एक लांब खोली, ओळीने मशिनं, आणि दारापासून खिडकीपर्यंत निळ्या कापडाचे ढीग.

शेठ म्हणाले, "मॅडम, कपड्याची चिंता सोडा. असा ड्रेस देतो की फॉरेनवाले पूछेंगे किधर से लिया."

मैदानाचं काम मुलीच्या घरच्यांनी घेतलं. आठ दिवसांनी मी बघायला गेले आणि कपाळाला हात लावला. त्यांनी शेत खणलं होतं, भिजवलं होतं, घरच्या आणि भावकीच्या बायकांनी ते पायांनी तुडवलं होतं, वरून चोपण्यांनी चोपलं होतं आणि शेणाने सारवलं होतं. उन्हात ते चमकत होतं. भाताचं इतकं सुंदर खळं मी आजवर पाहिलेलं नाही.

"दादा, हे खळं झालं. कबड्डीचं मैदान मऊ लागतं. यावर मुलगी पडली तर हाड मोडेल."

त्यांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, कमरेवर हात ठेवून उभी होती. "मऊच ठेवाचा व्हता तं आमाला कशाला तुरवाला लावला? चिखलानं पाय फुटलं आमचं."

"मी कुठे तुडवायला सांगितलं?"

"तुमी बोलल्या, पाव्हनं येनार हायेत, चांगला करा. चांगला असाच करतात."

पाहुण्यांसाठी चांगलं करायचं म्हणजे काय, याची त्यांची पद्धत ठरलेली होती. सारवलेला थर पुन्हा फोडला, त्यात भुसा आणि चाळलेली माती मिसळली, आणि आत्या तो महिनाभर माझ्याशी तुटकच बोलल्या.

मैदानाची पाहणी डिसेंबरात ठरली. पाहणीला एक बाई येणार होत्या, दक्षिणेकडच्या, स्वतः जुन्या खेळाडू, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर. वय पन्नाशीचं. रविवारी दुपारी त्या कल्याणला उतरल्या. हातात एक बॅग, पायांत कॅनव्हासचे बूट, सोबत कोणी नाही. मी त्यांना अंबरनाथला आमच्या क्वार्टरवर आणलं. चहा झाला, ओळखीपाळखी झाल्या, आणि संध्याकाळी बातमी आली की अयोध्येत मशीद पाडली.

माझे यजमान फार बोलणारे नाहीत. पाहुण्या बाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून एवढंच म्हटलं, "उद्याचा दिवस काही खरा नाही. लवकर जाऊन या."

म्हणून सोमवारी उजाडता उजाडता मी पाहुण्यांना रिक्षात घालून बेलवलीला निघाले. अंबरनाथच्या बाजारात एकही दुकान उघडलेलं नव्हतं. दूधवाला तेवढा दिसला. कोपऱ्याकोपऱ्यांवर माणसांचे घोळके होते.

"सब बंद है?" बाईंनी विचारलं.

माझ्या मनात एकच होतं. या बाईंनी अशांत हा शब्द लिहिला की आपली जागा गेली. मी म्हटलं, "सोमवार को यहाँ छुट्टी रहती है. हफ़्ते की छुट्टी."

त्यांनी मान हलवली. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण शहाणा होता, गप्प बसला. बेलवलीला उतरवल्यावर मात्र म्हणाला, "ताई, परत न्यायला येणार नाही हां. आपण पण बंद."

मैदान पाहून बाई खूश झाल्या. बूट काढून त्यांनी अनवाणी चालून पाहिलं, टाच रुतवून पाहिली, माती हातात घेऊन दाबली. मग आसपासच्या, चालत पोचू शकलेल्या मुलींना खेळायला सांगितलं. एवढ्यात शेठ स्कूटरवर गाठोडं बांधून आले. आतल्या रस्त्यांनी, चकवत चकवत आले होते. गणवेश त्याच दिवशी घालायचा त्यांचा आग्रह होता.

मुली घरात गेल्या आणि गणवेश घालून बाहेर आल्या. वरचे बनियन ठीक होते. खालच्या चड्ड्या जीन्सच्या होत्या. जाड निळं कापड, पितळी बटण, चेन, मागे दोन खिसे, खिशांवर पिवळ्या धाग्याची नक्षी. मुली काठ्यांसारख्या चालत होत्या. आमच्या चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली, वाकायला गेली, आणि वाकताच येईना. पकड करणारीने कमरेऐवजी मागचा खिसा धरला आणि खिसा हातात आला.

"सेठजी," पाहुण्या बाई म्हणाल्या, "इसमें लड़की पैसा रखेगी?"

शेठ जरा ओशाळले, पण हार मानणारे नव्हते. "मॅडम, हमको जो आता है वो बनाया. एक्स्पोर्ट क्वालिटी है."

आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मुलींनी आपल्या जुन्या चड्ड्या घातल्या आणि खेळ झाला. आमची चढाईपटू त्या दिवशी चांगलीच खेळली. बाईंनी बाजूला येऊन मला विचारलं की ही कुठल्या कुठल्या स्पर्धा खेळली आहे. मी सांगितलं. "बस इतना?" असं त्या म्हणाल्या.

दुपारी परत निघायची वेळ आली तेव्हा निघायला काही नव्हतंच. रिक्षा नाहीत, बस नाही, लोकलचा भरवसा नाही. नाक्यावरच्या वाण्याकडून मी यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "तिथेच राहा. मुलांना वरणभात घालतो." त्यांना तेवढंच येत होतं, पण पुरेसं होतं. शेठ मात्र म्हणाले की कारागीर गावी पळायच्या आधी त्यांना गाठलं पाहिजे, आणि आले तसे गेले.

अशा रीतीने आंतरराष्ट्रीय पाहणीच्या बाई बेलवलीच्या घरात मुक्कामाला राहिल्या. घरात पाटा, चूल, पडवीत भाताच्या कणग्या, मागे म्हशी. बाईंना स्वतंत्र खोली देण्यासाठी धावपळ सुरू झाली तेव्हा त्यांनीच चटई उचलली आणि मुलीशेजारी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर त्या आत्यांच्या बाजूला बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. भाषा एकमेकींची येत नव्हती. आत्या शेंग मोडून दाखवायच्या, बाई तशी मोडायच्या, आणि दोघी आपापल्या भाषेत सुनांबद्दल काहीतरी बोलायच्या. आत्यांना सून होती. बाईंचं लग्नच झालेलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशीही सगळं बंद. बाईंनी मुलीच्या वडिलांना विचारलं की गावात इतकी शांतता का. वडिलांना मी रिक्षात काय सांगितलं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी खाकरून आपल्या हिंदीत सांगितलं, "वो गावदेवी का दिन है. आज कोई काम नाय करता. नांगर भी नाय पकडता." प्रत्यक्षात समोरच्या खळ्यावर त्यांचाच भाऊ भात झोडत होता.

दुपारनंतर शेठ पुन्हा आले. कारागीर निघून गेले होते, मुंबईचा बाजार बंद म्हणून माल कोणी उचलत नव्हतं, आणि रिकामं बसवेना म्हणून त्यांनी स्वतः मशीनवर बसून सुती कापडाच्या सात चड्ड्या शिवल्या होत्या. या वेळी खिसे नव्हते. बाईंनी विचारलं, "मार्केट बंद है क्या, सेठजी?"

मी शेठकडे डोळे वटारले. पण त्यांना डोळ्यांची भाषा उलटी समजली. ते म्हणाले, "हाँ मॅडम, मार्केट के बड़े सेठ गुज़र गए. उनका बारवां है. सब ने दुकान बंद रखी है."

बाईंनी एक चड्डी उलटून शिवण तपासली. संध्याकाळी आम्ही सगळे पडवीत जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी. शेठही होते. ते शाकाहारी असल्याचं सांगून जवळा खात होते. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "आपका गाँव बहुत बिज़ी है. एक ही बंद में हफ़्ते की छुट्टी भी, देवी का दिन भी, और सेठ का बारवां भी."

मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"आपस में पहले तय कर लेते," बाई म्हणाल्या. मग बॅगेतून एक लहान ट्रान्झिस्टर काढून पाटाजवळ ठेवला. "मैं रविवार से सुन रही हूँ."

आत्यांना तेवढी हिंदी कळली. त्या भावाला म्हणाल्या, "तुला देवीच मिलली व्हय रे खोटा बोलाला?" वडिलांनी खाली मान घालून बिरडं वाढून घेतलं. मग शेठ हसायला लागले, मग बाई, आणि शेवटी आम्ही सगळेच.

हसली नाही ती फक्त मुलगी. ती वाढत होती. हातात भांडं तसंच धरून तिने विचारलं, "म्हणजे स्पर्धा इथं होणार नाही ना?"

प्रश्न मराठीत होता, तरी भाषांतराची गरज पडली नाही. बाईंनी तिला शेजारी बसवलं. म्हणाल्या, मैदान चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मी हे लिहीन. पण मी एकटी बाई इथून निघू शकत नाही, तर परदेशच्या चार संघांना घेऊन या असं कोणत्या तोंडाने लिहू? उद्या कुठल्या मुलीला दगड लागला तर?

खरं होतं. त्या दिवसांत मुंबईत माणसं मरत होती. ट्रान्झिस्टरवर रोज आकडे वाढत होते आणि आम्ही ते ऐकत शेंगा सोलत होतो. आम्हाला झळ लागली ती बंद दुकानांची आणि बुडालेल्या स्पर्धेची, म्हणजे काहीच नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी डोक्यात विचार त्या मुलीचाच होता, कारण माझ्या हातात काही असलंच तर ते तेवढंच होतं.

मी बाईंना सरळ विचारलं, "मग हिचं काय?"

"देशाच्या संघासाठी निवड शिबिर आहे," त्या म्हणाल्या, अर्थात हिंदीत. "स्पर्धा कुठेही होवो, शिबिर होणार. जिल्ह्याने नाव पाठवा. बाकी तिचं तिने बघायचं."

शिबिर दुसऱ्या राज्यात होतं. दोन रात्रींचा प्रवास. जेवण संपलं, हात धुतले, मग वडिलांनी बाईंना विचारलं, "आप इतना लांब अकेला आया. घर का लोग काळजी नहीं करता?"

"करते हैं," बाई म्हणाल्या. "मेरी माँ अभी भी करती है. लेकिन वो चिंता करती है, टिकट नहीं फाड़ती."

वडिलांनी तंबाखू मळली आणि उठून म्हशींकडे गेले.

पुढे एका पहाटे दुधाचा टेम्पो कल्याणला जायला तयार झाला. वडील म्हणाले, मी सोडून येतो. दुधाच्या कॅनांच्या मधोमध बाईंना बसवून ते गेले आणि दुपार टळून गेल्यावर परत आले. मी तोपर्यंत अंबरनाथला घरी पोचले होते. दोन दिवसांनी ते स्वतः शाळेत आले. ते शाळेत याआधी कधी आलेले नव्हते. टोपी हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले.

"बाई, तुमाला सांगाचा व्हता. गारीला कवरी गर्दी. सगली मानसं पलून चालल्यान. मी बोललू, यी बाई काय आता जात नाय, परत घेऊन जावा."

"मग?"

"मंग काय. ती चरली डब्यान. तिचे जाग्यावर पाच जन बसलेले. बाप्ये. तिनं तिकीट दाखवलान, आनी पाची जनांना उठवलान. आवाज बी नाय चरवला. मंग खिरकीतून मना हात केलान." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "आपली पोर उठवल का वो असा?"

मी विचार करून उत्तर दिलं, कारण प्रश्न नीट विचारलेला होता. "पहिल्या खेपेला नाही उठवणार. दुसऱ्या खेपेला उठवेल."

"मंग पयल्या खेपंला मी जातू संग," ते म्हणाले.

वांगणीकरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की माघ जमत नाही. तिकडची मंडळी थोडी कुरकुरली. पण जानेवारीत मुंबई पुन्हा पेटली, त्यांचे निम्मे पाहुणे तिकडचे, त्यामुळे त्यांनाही मग घाई राहिली नाही.

स्पर्धा अर्थातच आमच्याकडे आली नाही. ती दुसऱ्या राज्यातल्या एका शहराला मिळाली, जिथे मैदान म्हणे साधारणच होतं पण रस्ते उघडे होते. शेठनी मंडपाचा खर्च वाचला म्हणून दुःख केलं नाही. सात चड्ड्या त्यांनी मुलींनाच देऊन टाकल्या. जीन्सच्या चड्ड्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण नंतर कॅम्प तीनच्या एका दुकानात पिवळ्या नक्षीच्या खिशांच्या आखूड चड्ड्या विकायला टांगलेल्या पाहिल्या आणि त्यांचा व्यवहार मला आवडला.

शिबिराला आम्ही तिघं गेलो. मुलगी, तिचे वडील आणि मी. वडिलांनी तांदूळ बरोबर घेतले होते, कारण परक्या मुलखात काय खायला मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. शिबिराच्या खानावळीत भातच भात होता, दोन्ही वेळ. तांदूळ परत आणले.

एक गोष्ट मी स्वच्छ सांगते, कारण कौतुकाच्या भाषणांत ती गाळली जाते. त्या वर्षी शिबिराला मुली कमी आल्या. ठिकठिकाणी वातावरण असं होतं की आईबापांनी पाठवल्याच नाहीत. एरवी इतकी गर्दी असते की आमच्या मुलीसारख्या, फारशा स्पर्धा न खेळलेल्या खेळाडूकडे कोणी दोनदा पाहिलं नसतं. त्या वर्षी पाहिलं. ज्या गोंधळाने आमची स्पर्धा नेली, त्यानेच तिला रांगेत पुढे ढकललं. याला मी न्याय म्हणत नाही. तसं झालं, एवढंच.

तिची निवड राखीव खेळाडू म्हणून झाली. ठरलेल्या पाहुण्या संघांपैकी दोन आलेच नाहीत, त्यामुळे स्पर्धाही आटोपशीर झाली. एका सामन्यात संघाची मुख्य चढाईपटू पाय मुरगळून बाहेर बसली आणि आमच्या मुलीला उत्तरार्धात उतरवलं. तिने चढाया केल्या, एक बोनस गुण मिळवला, एकदा पकडली गेली. वडील प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसले होते आणि पूर्ण वेळ जमिनीकडे पाहत होते. मी विचारलं, बघत का नाही? म्हणाले, "भुई बघतू. आपले खल्यावानी नाय. हिला लागल."

राखीव खेळाडूलाही प्रमाणपत्र पूर्ण आकाराचं मिळतं.

त्याच्या बळावर पुढच्या वर्षी तिला कल्याणला सरकारी नोकरी लागली. साधी कारकुनाची, पण कायमची. पुढच्या वर्षांत संघाच्या बाकीच्या मुलीही हळूहळू परगावी जायला लागल्या. मुलीचे वडील कोणाच्याही घरी जाऊन सांगायचे, मी बघून आलोय, काही होत नाही, तांदूळ नेऊ नका. माझं निम्मं काम त्यांनी केलं. आमच्या भागात पुन्हा कोणी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा विषय काढला नाही आणि मलाही त्याची गरज वाटली नाही.

वांगणीच्या मुलाने वाट पाहिली होती. तो समजूतदार निघाला. लग्नाची तारीख धरायला त्याच्याकडची मंडळी बेलवलीला आली तेव्हा मला मुद्दाम बोलावलं होतं. पडवीत सगळे बसले, चहा फिरला, आणि मुलाच्या मामांनी पंचांग उघडून तीन मुहूर्त वाचून दाखवले. यातला कोणता, असं त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं.

वडिलांनी तंबाखू मळायचं थांबवलं. "मना काय इचारता?" ते म्हणाले. "तिला इचारा, हापिसात सुट्टी कवा भेटल ती."

मामांनी पंचांग तसंच उघडं ठेवून आतल्या दाराकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे ती कामावरून यायची वाट बघत बसलो.